वाचकांचे प्रश्न : आधी भाव ठरवा, मग जाहिरात करा

प्रश्न : आम्ही खानापूर तालुक्यातील पाच जणी मिळून जुन्या सुती साड्यांच्या गोधड्या शिवतो. गावात आणि बेळगावात ओळखीने विक्री होते. परंतु दीड हजार रुपयांच्या वर कोणी भाव देत नाही. मुलगी म्हणते, इन्स्टाग्रामवर पैसे भरून जाहिरात द्यावी. तसे करावे का?
— एक वाचक भगिनी, खानापूर तालुका

उत्तर : ताई, सध्या जाहिरातीवर पैसे घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. भाव चुकलेला असताना गिऱ्हाईक वाढले तर नफा वाढत नाही, फक्त कष्ट वाढतात. आपल्या पत्रात गिऱ्हाईक किती देते हे आहे. पण एका गोधडीवर किती तास हात चालतो, याचा उल्लेख कुठेही नाही. बायकांच्या शिवणकामाचे तास आपल्याकडे हिशेबातच धरले जात नाहीत, आणि या व्यवसायाचे खरे दुखणे तेच आहे, असे मला कळकळीने वाटते.

समजा, अस्तर, दोरा आणि धुलाई मिळून ४०० रुपये लागले आणि धावदोऱ्याचे काम ३० तास चालले. तासाला केवळ ६० रुपये धरले तरी मजुरी १,८०० रुपये होते आणि गोधडी २,२०० रुपयांना पडते. म्हणजे दीड हजारात विकलेल्या प्रत्येक गोधडीमागे तुम्ही पाच जणी मिळून ७०० रुपये पदरचे घालता. पुढे एखाद्या दुकानदाराने ३० टक्के कमिशन मागितले, तर पुष्कळजण २,२०० वर ३० टक्के चढवून २,८६० ही किंमत लावतात. पण दुकानदार आपले ३० टक्के विक्रीच्या किमतीवर कापतो. त्यामुळे हातात २,००२ रुपयेच येतात आणि पुन्हा तूट पडते. येथे २,२०० ला ०.७ ने भागावे, म्हणजे सुमारे ३,१५० ही किंमत निघते. दुकानात आणि घरी एकच किंमत ठेवावी, नाहीतर दुकानदार दुसऱ्यांदा माल घेणार नाही.

एवढा भाव कोण देईल, हा पुढचा प्रश्न. जिच्या घरी सासू किंवा आई स्वतः वाकळ शिवते, ती शेजारीण देणार नाही, आणि तिच्याकडून ती अपेक्षाही ठेवू नये. परंतु नोकरीनिमित्त पुणे, मुंबई किंवा गोव्यात राहणाऱ्या आपल्याच भागातल्या कितीतरी कुटुंबांच्या कपाटात आजीच्या साड्या घडी घालून पडलेल्या आहेत. त्या टाकवत नाहीत आणि नेसल्याही जात नाहीत. त्या साड्यांचीच गोधडी शिवून देण्याचे काम आपण घ्यावे. यात कापड गिऱ्हाइकाचे असल्याने आपले भांडवल कमी अडकते, निम्मी रक्कम आगाऊ मागता येते, आणि बाजारातील यंत्रावर शिवलेल्या स्वस्त रजईशी तुलना होण्याचे कारणच उरत नाही. आलेल्या साड्यांचे छायाचित्र गिऱ्हाइकाला लगेच पाठवावे आणि विरलेला भाग किती वगळावा लागेल हे कात्री लावण्यापूर्वी कळवावे. वाद होतात ते बहुधा याच ठिकाणी.

अशा कुटुंबांपर्यंत पोहोचण्यासाठी व्हॉट्सॲप बिझनेस पुरेसे आहे. त्यातील कॅटलॉगची सोय विनामूल्य आहे. प्रत्येक गोधडीची तीन छायाचित्रे घालावीत : एक पूर्ण पसरलेली, एक टाके जवळून दाखवणारी आणि एक खाटेवर अंथरलेली, म्हणजे आकाराचा अंदाज येतो. छायाचित्रे सकाळच्या उजेडात, सोप्यात किंवा अंगणात काढावीत. रात्री बल्बखाली रंग पिवळट दिसतात आणि माल परत येण्याची शक्यता वाढते. सोबत लांबी-रुंदी, वजन, धुण्याची पद्धत आणि पार्सलचा खर्च लिहावा. गोधडी जड असल्याने टपालाचा दर आधी वजन करून विचारून घ्यावा. मुलीला इन्स्टाग्रामचा उत्साह आहे, तो दवडू नये. तिने शिवणाऱ्या हातांचे छोटे व्हिडिओ टाकावेत, त्यासाठी पैसे भरावे लागत नाहीत.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो. आपल्या तालुक्यात जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात कपडा वाळत नाही आणि त्याच दिवसांत भाताची रोपलावण असते. त्या काळात घेतलेल्या मागणीला दसऱ्यानंतरची तारीख द्यावी. उशिराची पण पाळलेली तारीख गिऱ्हाइकाला चालते.

प्रश्न : निपाणीजवळच्या आमच्या गावात आम्ही पिढीजात चपला बनवतो. कर्नाटकात राहून त्यांना ‘कोल्हापुरी’ म्हणता येईल का? आणि कोल्हापूरच्या दुकानांत माल देताना कर लागतो का?
— एक युवा कारागीर

उत्तर : नाव लावण्यास अडचण नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक भागातल्या मालाच्या नावाला मिळणारे कायद्याचे संरक्षण, महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांसाठी आहे. मात्र मानांकनाचे चिन्ह मालावर छापायचे असेल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंदणी करून घ्यावी लागते. त्यासाठी लिडकर या कर्नाटक सरकारच्या चर्मोद्योग महामंडळाकडे चौकशी करावी.

कराच्या बाबतीत सीमाभागातील कारागिरांची गफलत होते, कारण निपाणीहून कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटरवर असले तरी कायद्याच्या दृष्टीने ती आंतरराज्य विक्री ठरते, आणि एरवी अशा विक्रीला पहिल्या रुपयापासून जीएसटी नोंदणी लागते. हस्तकलेच्या अधिसूचित, म्हणजे सरकारने यादीत जाहीर केलेल्या, वस्तूंना मात्र सवलत आहे. माल मुख्यतः हाताने बनवलेला असेल आणि वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल तर नोंदणीविना तो परराज्यात विकता येतो. चामड्याची पादत्राणे त्या यादीत आहेत. त्यासाठी पॅन असावा लागतो आणि मालाची किंमत कितीही कमी असली तरी ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचे ऑनलाइन कागदपत्र, काढावे लागते. हीच सवलत ऑनलाइन विक्रीच्या मोठ्या कंपन्यांमार्फत घेता येत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून बिगरनोंदणीच्या विक्रेत्यांना तेथे फक्त आपल्या राज्यातच माल विकण्याची मुभा आहे. वरील गोधडीवाल्या ताईंनीही पुण्याला पार्सल पाठवण्यापूर्वी आपली वस्तू यादीत बसते का, हे करसल्लागाराकडून पाहून घ्यावे.

प्रश्न : शहापुरात घरातच मातीच्या दागिन्यांचे लहान दुकान काढत आहे. पाटी आणि वेष्टन कोणत्या भाषेत असावे?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : पाटीसाठी कन्नड भाषेविषयीच्या कायद्यातील २०२४ च्या दुरुस्तीनुसार कर्नाटकात ६० टक्के मजकूर कन्नडमध्ये असणे बंधनकारक आहे, उरलेल्या जागेत मराठी नाव ठळक लिहावे. दागिन्यांच्या चिठ्ठीवर दोन्ही भाषा द्याव्यात, कारण आपल्या शहरात गिऱ्हाईकही दोन्ही भाषांचे आहे. बंद डबीत विकणार असाल तर कमाल किरकोळ किंमत, नगांची संख्या, बनवल्याचा महिना व वर्ष, बनवणाऱ्याचे नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी दूरध्वनी क्रमांक छापावा.