वर्गातलं गप्प मूल

प्रिय,

घरातल्या मारहाणीचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, ‘लहान आहे तो, त्याला काय कळतंय!’ हे तू तरी कधी मान्य करू नकोस. सहा महिन्यांच्या बाळालाही चढलेला आवाज कळतो. ते दचकतं, धड दूध पीत नाही, झोपेतून किंचाळत उठतं. भांडण शेजारच्या खोलीत झालं तरी ऐकू येतंच, आणि सकाळी आईचा सुजलेला चेहरा दिसतोच.

तू शिकवतेस त्या बालवाडीत रडक्या, मारकुट्या मुलांकडे सगळ्यांचं लक्ष जातं. तू गप्प मुलाकडेही बघ. दार आपटलं की त्याचे खांदे वर जातात, हातातला ठोकळा तसाच राहतो, नजर आधी मोठ्यांच्या चेहऱ्यावर जाते. धोका कुठून येईल यातच जीव अडकलाय, गोष्ट ऐकणार कशी? ‘लक्षच नसतं’ हा शेरा मारण्याआधी हे आठव. शू सांगायला शिकलेलं मूल पुन्हा चड्डी ओली करतं, पोट दुखतं म्हणतं, बाहुलीला रोज तसंच बदडतं. अशा खुणा इतर कारणांनीही दिसतात. म्हणून तारीख-वेळ घालून लिहून ठेव, मुलाचे शब्द जसेच्या तसे.

ते बोललं तर त्याच्या उंचीला, बाजूला बस. ‘बाबांनी मारलं का?’ असं विचारू नकोस, त्यात उत्तर तूच त्याच्या तोंडी घालतेस. ‘कुणाला सांगणार नाही’ हे वचनही नको, ते मोडावं लागतं. त्याच दिवशी बालसंरक्षणाचं काम बघणाऱ्यांना कळव. या वयात ‘मी दूध सांडलं म्हणून हे झालं’ असं मुलाला खरंच वाटतं. ‘तुझी चूक नाही’ हे परत परत सांगावं लागतं.

मारणाऱ्याला बोलावून जाब विचारणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. तो राग रात्री घरात निघतो. आईशी बोल, ती एकटी असताना, समोरासमोर. मेसेज नको, फोन कुणाच्या हातात असेल सांगता येत नाही. ‘सोडून दे त्याला’ असं झटकन म्हणू नकोस. घर सोडण्याचा काळ फार धोक्याचा असतो, तयारी लागते. मुलाला एवढं शिकवता येतं: मध्ये पडायचं नाही, स्वयंपाकघरात लपायचं नाही, तिथे सुऱ्या असतात.

वर्गात रोजचा क्रम मोडू नकोस. खेळ आवरायच्या पाच मिनिटं आधी सांग. मागून येऊन खांद्यावर हात ठेवू नकोस. महिनाभर काहीच बदललं नाही असं वाटेल. मग एक दिवस ते गप्प मूल हट्ट करील, खडू फेकेल. घाबरू नकोस, तुझ्यासमोर चिडलं तरी चालतं, हे बहुधा त्याला कळलंय.