कावीळ आजची, पाणी महिन्यापूर्वीचं

ठाण्यातल्या खारीगावात तुमच्या इमारतीत तीन आठवड्यांत चौघांना कावीळ झाली. पालिकेचा माणूस येऊन नळाचं पाणी बघून गेला, 'क्लोरीन आहे' म्हणाला. सेक्रेटरी पाणीपुरीवर ढकलतायत, आणि तक्रार नेमकी कोणाकडे करायची असं तुम्ही विचारताय. सांगतो, पण आधी तारखांचं बोलू. आमच्या सोसायटीत आम्ही तिथेच गंडलो होतो.

घाण पाणी पोटात गेलं की जुलाब-उलट्या दोन-चार दिवसांत लागतात. काविळीचं तसं नाही. घाण पाण्यातून होणाऱ्या काविळीचे मुख्य विषाणू दोन, हेपटायटिस ए आणि ई. ए उमटायला १५ ते ५० दिवस लागतात, साधारण महिना धरा. ई ला २ ते १० आठवडे. म्हणजे आज ज्या पोराचे डोळे पिवळे झालेत, त्याने ते पाणी बहुधा महिन्यापूर्वी प्यायलंय. तो माणूस आजचं पाणी तपासून गेला आणि ते चांगलं असेलही. त्याला शिव्या घालून उपयोग नाही.

तेव्हा आज रात्रीच एक कागद घ्या. प्रत्येक पेशंटची विंग, मजला, त्याला कुठल्या टाकीचं पाणी येतं, आणि ताप किंवा अन्नावरची वासना जाण्याचा पहिला दिवस. रिपोर्टची तारीख नको. तिथून महिनाभर मागे जा आणि आठवा: रस्ता खोदला होता का, गटार तुंबलं होतं का, एखाद-दोन दिवस पाणी बंद होतं का? पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो आणि सैल जॉइंटमधून आजूबाजूचं गटाराचं पाणी आत ओढतो. चौघेही एकाच टाकीवरचे निघाले तर टाकीवर संशय घ्या. गल्लीतल्या इतर इमारतींतही पेशंट असतील तर बाहेरच्या लाइनवर. पाणीपुरीचंही विचारून टाका, चौघांची गाडी एकच निघाली तर सेक्रेटरी बरोबर!

आमचं सांगतो. चरईतली जुनी इमारत, सेक्रेटरी मीच. पाच जण आजारी, आणि मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगत होतो की बाहेरूनच घाण पाणी येतंय. ओळखीच्या आरोग्यसेवकाने ओटी टेस्टची, म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायच्या थेंबांची बाटली दिली. पहाटे पाणी सुटलं तेव्हा मीटरजवळ ग्लास भरला, थेंब टाकले, पाणी मस्त पिवळं झालं, म्हणजे क्लोरीन आहे. मग पहिल्या मजल्यावरच्या नळाचा ग्लास. थेंब टाकले, ढवळलं, वाट पाहिली. पांढरं ते पांढरंच. मधे फक्त आमच्या दोन टाक्या होत्या. बॅटरी घेऊन जमिनीखालच्या टाकीत डोकावलो तर ओव्हरफ्लोचा पाइप सरळ शेजारच्या गटाराच्या चेंबरमध्ये सोडलेला. चेंबर तुंबलं की उलटा प्रवाह. दर वर्षी टाकी धुतल्याची बिलं मीच पास केली होती, पाइप कुठे जातो हे एकदाही पाहिलं नव्हतं.

आता कोणाकडे. पहिली चक्कर पाणी खात्याकडे नको. तुमच्या भागातल्या नागरी आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे जा, कागद हातात घेऊन. कारण चौघेही खासगी डॉक्टरकडे गेले असणार, आणि मग केंद्राच्या वहीत तुमच्या इमारतीत एकही पेशंट नसू शकतो. पाणी खात्याकडे गेलात तर ती 'पाणी खराब' अशी एक तक्रार. एका इमारतीत चार काविळी हे साथीचं लक्षण, त्याची नोंद रोग सर्वेक्षणात जायला हवी. मग घरोघरी विचारपूस आणि पाण्याचे नमुने हे ओघाने येतं. पत्राची प्रत प्रभाग समितीच्या पाणीपुरवठा अभियंत्यांना द्या, दोन्हीकडे पोच घ्या. तुमच्याकडे निदान नळ, गटार आणि आरोग्य केंद्र तिन्ही एका पालिकेचं. बदलापूरला माझी बहीण राहते, तिथे पाणी जीवन प्राधिकरणाचं, गटार नगरपरिषदेचं आणि ग्रामीण रुग्णालय राज्य सरकारचं. तिथे हेच पत्र तीन ठिकाणी द्यावं लागतं.

नमुने तीन ठिकाणचे मागा: मीटरच्या अलीकडे (म्हणजे पालिकेच्या लाइनचं पाणी), जमिनीखालची टाकी, घरातला नळ. बाटली प्रयोगशाळेचीच हवी, त्यात क्लोरीन मारणारं रसायन घातलेलं असतं. घरची धुतलेली बिसलेरीची बाटली चालत नाही. आणि नमुने जाईपर्यंत टाकी धुऊ नका. घाबरून लोक आधी टाकीच धुतात आणि पुरावा गटारात जातो.

'ई. कोलाय नाही' (हा पाण्यात मैला मिसळल्याची खूण मानला जाणारा जिवाणू) असा रिपोर्ट आला तरी हुरळून जाऊ नका. १९५५-५६ मध्ये दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी शिरलं तेव्हा क्लोरीन वाढवलं होतं. विषमज्वर आणि हगवण वाढली नाही, पण काविळीचे २९ हजारांवर रुग्ण झाले. जिवाणू मेले, विषाणू तरले.

नमुने गेले की टाकी धुवा, फटी आणि झाकण बघा, ओव्हरफ्लो गटारापासून तोडा. मग १००० लिटरला ५ ग्रॅम ताजी टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. बादलीत कालवून चुना खाली बसू द्या, फक्त वरचं निवळ पाणी टाकीत सोडा आणि अर्धा तास थांबा. उघड्या पोत्यात वर्षभर पडलेली पावडर म्हणजे नुसता चुना. नंतर घरातल्या नळाशी लिटरला ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरतंय का ते रोज पहाटे बघा, निदान दीड-दोन महिने, कारण आधीच लागण झालेले पेशंट तोवर निघत राहतील.

प्यायचं पाणी मात्र आजपासून उकळूनच. आणि इमारतीत कोणी गरोदर असेल तर तिच्या घरी आधी सांगा, उद्यावर टाकू नका. शेवटच्या तीन महिन्यांत हेपटायटिस ई झाला तर मृत्यूचं प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जातं. मळमळ सुरू झाली तरी थेट रुग्णालय गाठायचं, झाडपाल्याचं औषध घेत घरी बसायचं नाही.