ट्रॅक्शनला ‘पकड’ म्हणू नका

प्रश्न थोडक्यात असा : डुकाटी या इटालियन कंपनीच्या पानिगाले व्ही४ या मोटरसायकलवरच्या लेखात ‘या गाडीला २१४ हॉर्सपॉवरची पकड आहे, आणि ट्रॅक्शन कंट्रोलमुळे रस्त्याशी घर्षण वाढतं’ असं वाक्य होतं. संपादकांनी ‘पकड’ खोडून तिथे ‘कर्षण’ घातलं. लेखक बरोबर की संपादक?

दोघंही चुकले. लेखकाने तीन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत कोंबल्या आणि संपादकांनी पिशवीवरची चिठ्ठी तेवढी बदलली. ही गल्लत आता इतकी ऐकू येते की गाड्यांवर बोलणारा निम्मा मराठी माणूस पॉवर, ग्रिप आणि ट्रॅक्शन हे एकमेकांचे पर्याय समजूनच बोलतो. ते पर्याय नाहीत. इंजिनाची असते ती अश्वशक्ती. टायर आणि डांबर मिळून देतात ती पकड. त्या पकडीच्या मर्यादेत राहून मागचं चाक गाडीला प्रत्यक्ष पुढे रेटतं, ते ट्रॅक्शन. त्याला मराठीत नेमका शब्द आहे आणि गॅरेजमध्ये तो रोज वापरला जातो : ओढ. ‘चढाला गाडी ओढत नाही’ असं मेकॅनिक म्हणतो तेव्हा तो ट्रॅक्शन फोर्सबद्दलच बोलत असतो. घर्षण हा भौतिकशास्त्रातला शब्द आहे, तो तिथे ठीक आहे, त्यावर वेळ घालवत नाही.

अश्वशक्तीची व्याख्याच ओढीवर उभी आहे. वाफेचं इंजिन किती काम करील हे जेम्स वॉटला घोड्यांच्या हिशेबात सांगायचं होतं. त्याने धरलेला घोडा १२ फूट त्रिज्येच्या रिंगणात तासाला १४४ फेरे मारतो आणि १८० पौंडांची ओढ लावतो. म्हणजे मिनिटाला साधारण १८१ फूट चाल, गुणिले १८० पौंड. उत्तर साडेबत्तीस हजारांच्या जरा वर येतं, ते त्याने ३३,००० फूट-पौंड असं गोळाबेरीज करून टाकलं. आपल्या शाळेतल्या पुस्तकांत ‘१ अश्वशक्ती = ७४६ वॅट’ हे जे येतं, ते इथून. म्हणजे अश्वशक्ती = ओढ × वेग. हे समीकरण डोक्यात असेल तर ‘२१४ हॉर्सपॉवरची पकड’ हे शब्द तोंडातून निघणार नाहीत.

आता त्या २१४ बद्दल. इटालियन, जर्मन आणि फ्रेंच कंपन्या मेट्रिक अश्वशक्ती सांगतात : ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर वर उचलणं, म्हणजे ७३५.५ वॅट. जर्मन तिला पीएस म्हणतात, इटालियन सीव्ही. वॉटची अश्वशक्ती ७४५.७ वॅटची. २०१८ साली आलेल्या पानिगाले व्ही४ चं इंजिन १३,००० आरपीएमला १५७.५ किलोवॅट देतं, ते २१४ सीव्ही होतं, पण बीएचपी (ब्रेक हॉर्सपॉवर, म्हणजे वॉटच्या अश्वशक्तीत) २११. तीन घोड्यांचा फरक केवळ एककाचा, आणि लोक त्यावरून कुठली गाडी भारी असा वाद घालतात. बीएचपीतल्या ‘ब्रेक’चा गाडीच्या ब्रेकशी संबंध नाही. गास्पार द प्रोनी या फ्रेंच अभियंत्याने १८२१ साली इंजिनाच्या दांड्यावर घर्षणाचा चाप लावून शक्ती मोजायची रीत काढली, त्या मापनयंत्राचा तो ब्रेक.

एवढी शक्ती रस्त्यावर किती उतरते ते पाहा. गाडी आणि स्वार मिळून सुमारे २७५ किलो धरू. दोघांचं मिळून वस्तुमानकेंद्र जमिनीपासून साधारण ६५ ते ७० सेंटीमीटर वर, आणि मागचा टायर जिथे टेकतो तिथून जवळपास तेवढंच किंवा किंचित जास्त पुढे. या भूमितीमुळे ओढ २७५ किलोंच्या, म्हणजे सुमारे २,७०० न्यूटनच्या आसपास गेली की पुढचं चाक उचलतं. टायर कितीही चिकट असो, इंजिन कितीही ताकदीचं असो, ओढीची ही कमाल मर्यादा आहे. गिअर आणि चेन यांत दहाएक टक्के शक्ती जाते असं धरलं तर चाकापाशी १४२ किलोवॅट उरतात. त्याला २,७०० न्यूटनने भागा : सेकंदाला ५२-५३ मीटर, ताशी सुमारे १९०. म्हणजे ताशी १९० किलोमीटरच्या खाली या गाडीची पूर्ण अश्वशक्ती वापरताच येत नाही, पुढचं चाक हवेत जाईल. म्हणून कंपन्या खालच्या गिअरमध्ये टॉर्क, म्हणजे इंजिनाचा पीळ, मुद्दाम आवळून ठेवतात. अश्वशक्ती जास्त म्हणजे ओढ जास्त, हे समीकरण सिग्नलवरून सुटताना खोटं आणि लांब सरळ पट्ट्यावर खरं.

हे झालं गाडी सरळ असताना. वळणात हिशेब पकडीचा होतो. मागच्या चाकावर १०० किलो भार आहे आणि गरम झालेला चांगला टायर कोरड्या डांबरावर त्याच्या १.२ पट, म्हणजे १२० किलोंइतकं बळ पेलतो असं समजा. टायरची रुंदी हिशेबात न घेता, ४५ अंश झुकलेल्या गाडीला वळणात धरून ठेवायलाच १०० किलो खर्च होतात. उरतात किती? वीस नव्हेत. वळणात धरणारं आडवं बळ आणि पुढे रेटणारी ओढ काटकोनात असल्यामुळे वर्गांची वजाबाकी करून वर्गमूळ काढायचं, उत्तर ६६ किलो. ५० अंशांना ११९ किलो वळणातच जातात आणि ओढीसाठी १४ उरतात. पाच अंशांत ६६ चे १४! वळणातून बाहेर पडताना गाडी आधी उभी करा, मग थ्रॉटल उघडा, असं शिकवतात ते या आकड्यांमुळे. आता पावसात भिजलेल्या घाटरस्त्यावर तोच टायर ०.६ पट पेलतो असं धरा. ३० अंश झुकाव म्हणजे कोरड्यात किरकोळ, ओढीसाठी १०५ किलो उरतात, पण ओल्यात ६० पैकी ५८ किलो वळणालाच लागतात आणि ओढीसाठी सोळाच उरतात. शक्ती तीच, टायर तोच. पकड निम्मी झाली, तर ओढ १०५ वरून १६ वर आली. दोन्हींना एकच शब्द वापरणाऱ्याला हा फरक सांगायचा कसा?

पकड म्हणजे अजिबात न घसरणं, ही दुसरी चुकीची समजूत. टायर जमिनीपेक्षा किंचित जास्त फिरल्याशिवाय ओढ देतच नाही. रबर ताणलं जातं, सरकतं, पुन्हा धरतं. ही सरक दहा टक्क्यांच्या आसपास असताना ओढ सगळ्यात जास्त मिळते, त्यापुढे ती घटत जाते आणि मागचं चाक बाजूला निसटू लागतं. म्हणजे ओढ कमाल असते तेव्हा टायर सरकत असतोच.

ट्रॅक्शन कंट्रोल काम करतं ते या सरकेवर. पुढच्या आणि मागच्या चाकाचा वेग सेन्सर मोजतात. मागचं चाक किती जास्त फिरतंय ते ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, काढतो. गाडी किती झुकली आहे ते सहा अक्षांचं आयएमयू, म्हणजे गाडीची हालचाल आणि झुकाव मोजणारं उपकरण, सांगतं. असं आयएमयू २०१५ च्या यामाहा आर१ मध्ये आलं आणि नंतर या वर्गात सगळीकडे पसरलं. झुकाव का हवा? टायरचा माथा गोल असतो. गाडी झुकली की टायर कडेवर चालतो, तिथे त्याचा घेर कमी असतो, म्हणून न सरकताही चाक जास्त फिरतं. झुकाव माहीत नसेल तर ईसीयू त्यालाच सरक समजेल. मग इग्निशन मागे ओढणं, एखाद्या सिलिंडरची ठिणगी तोडणं, थ्रॉटलची झडप थोडी मिटणं, या मार्गांनी तो ओढ कमी करतो. कमी करतो! वाढवत नाही. पकड तर त्याच्या हातातच नाही. ‘ट्रॅक्शन कंट्रोलमुळे घर्षण वाढतं’ हे वाक्य म्हणून उलटं आहे, आणि धोक्याचंही, कारण ते वाचून कोणीतरी ओल्या वळणात निर्धास्त थ्रॉटल पिळेल.

हे यंत्र फसतं कुठे, तेही सांगतो. पानिगाले व्ही४ च्या मागे २००/६० झेडआर १७ मापाचा टायर असतो. त्याजागी १९०/५५ बसवला तर व्यास सुमारे ६७२ मिलिमीटरवरून ६४१ वर येतो, साडेचार टक्क्यांनी कमी. चाक कायमच तेवढं जास्त फिरणार आणि ईसीयूला सरळ रस्त्यावरही सरक दिसणार. कॅलिब्रेशन केलं नाही तर गाडी विनाकारण शक्ती तोडते आणि मालक म्हणतो, पिकअप गेला. हवा फार कमी असणं, सेन्सरच्या कड्यावर चिखल बसणं, ही त्याच तक्रारीची आणखी दोन कारणं.

इंजिनाची लयही ओढीत उतरते. नेहमीच्या इनलाइन-फोर, म्हणजे एका ओळीत चार सिलिंडर असलेल्या, इंजिनात क्रँकच्या (इंजिनाच्या फिरत्या दांड्याच्या) दर १८० अंशांना एकसारखी ठिणगी पडते. २००९ च्या आर१ मध्ये यामाहाने क्रॉसप्लेन क्रँक आणला, त्यात ठिणग्यांमधलं अंतर एकसारखं नाही : २७०, १८०, ९०, १८० अंश. पानिगाले व्ही४ मध्ये ठिणग्या ०, ९०, २९० आणि ३८० अंशांना पडतात, म्हणजे दोन पाठोपाठ, मग मोकळी जागा. १९९२ च्या होंडा एनएसआर५०० या शर्यतीच्या गाडीमध्ये हीच कल्पना टोकाला नेली होती. अशा झटक्यांमधल्या मोकळ्या जागेत टायर पुन्हा धरतो, असं स्पष्टीकरण सहसा देतात. यामाहाचा भर मात्र वेगळ्या मुद्द्यावर होता : क्रँकच्या जडत्वाचा टॉर्क कमी झाला की स्वाराच्या मनगटाला चाकाची खरी ओढ स्वच्छ जाणवते. मला हा मुद्दा जास्त पटतो.

आता ‘कर्षण’. रेल्वेच्या हिंदी पाट्यांवर विद्युत कर्षण असतं, तिथूनच तो शब्द आपल्याकडे ओघळतो. लॅटिन त्राहेरे म्हणजे ओढणे, त्यातून ट्रॅक्शन आणि ट्रॅक्टर. संस्कृत कृष् म्हणजे ओढणे आणि नांगरणे, त्यातून कर्षण आणि कृषी. जोडी सुरेख आहे, मान्य. पण मराठी शेतकरी आणि कृषी अभियंते ट्रॅक्टरची ‘ओढशक्ती’ आणि बैलांचं ‘ओढकाम’ हे शब्द कायम वापरत असताना, त्याच अर्थासाठी संस्कृतातून नवा शब्द आणायचा कशाला?

शिवाय ‘ओढ’ कुळाने कमी नाही. माझं मत असं की हा शब्द वह् धातूचा आहे. वह् म्हणजे वाहून नेणे, गाडा-रथ ओढून नेणे. त्याचं भूतकालवाचक ऊढ. नव + ऊढा = नवोढा, प्र + ऊढ = प्रौढ. आणि आ + ऊढ = ओढ. हे रूप मी रचलेलं नाही. पाणिनीच्या ‘ओमाङोश्च’ या सूत्रावर वैयाकरण ‘अद्योढा’ असं उदाहरण देतात, त्यात अद्य आणि ओढा ही दोन पदं आहेत. काही जण ‘ओढणे’ला देशी धातू म्हणून मोकळे होतात. मूळ चटकन दिसलं नाही की देशी ठरवायचं, ही सवय आळसाची आहे. भूतकालवाचक विशेषणातून मराठी क्रियापद होणं नित्याचं आहे : शुष्कवरून सुकणे, पक्ववरून पिकणे, लग्नवरून लागणे. मग ओढवरून ओढणे व्हायला अडचण कुठली? ‘ढ’ टिकतो का, असा आक्षेप येतो. गाढ आणि मूढ यांच्यात टिकलाय की! दुसरे काही जण हिंदीतल्या अंगावर घेण्याच्या ‘ओढना’शी नातं जोडतात. तिथे ओढण्याचा अर्थच नाही, हिंदीत ओढणे म्हणजे खींचना. आपली ओढणी त्या घरची असेल, ओढ नव्हे.

आणि वह् चं कुटुंब पाहा. वाहन त्यातलंच. अनस् म्हणजे गाडा, तो वाहणारा तो अनडुह्, म्हणजे बैल. लॅटिन वेहेरे आणि त्यातून इंग्रजी व्हेइकल, त्याच भारत-युरोपीय मुळाचे. अमरकोशात घोड्याच्या नावांत ‘वाह’ आहे. म्हणजे माझी व्युत्पत्ती खरी असेल तर अश्वशक्तीतला अश्व, त्याने ओढायचं वाहन आणि त्याची ओढ, तिन्ही एका धातूने बांधली जातात.

एक आक्षेप रास्त आहे : ‘ओढ’ म्हटलं की माहेरची ओढ आठवते, ‘ओढ नियंत्रण’ विचित्र वाटेल. वाटेलच, म्हणून यंत्राचं नाव ट्रॅक्शन कंट्रोल असंच राहू द्या, जसं आपण क्लच आणि गिअर राहू दिलं. बळाबद्दल बोलताना ओढ म्हणा.

लेखातलं वाक्य असं दुरुस्त करा : ‘या गाडीचं इंजिन २१४ अश्वशक्तीचं आहे, आणि मागच्या टायरची पकड सुटायच्या बेतात आली की ट्रॅक्शन कंट्रोल ओढ कमी करतं.’ २१४ ठेवणार असाल तर ‘अश्वशक्ती’च्या आधी ‘मेट्रिक’ लिहा. बीएचपी लिहायचं असेल तर आकडा २११.