प्रेमकथेपासून भयपटापर्यंत सगळेच चित्रपट आवडत असतील, तर प्रत्येक प्रकारातला चांगला चित्रपट कसा ओळखावा? तुम्ही कोणते सुचवाल?

आपण विचारले आहे की, सगळ्याच प्रकारांचे चित्रपट पाहणाऱ्या माणसाला काही पक्की आवडनिवड असते का, आणि असल्यास त्याने प्रत्येक प्रकारातले कोणते चित्रपट सुचवावेत. माझ्यापुरते सांगायचे तर प्रकार कोणताही असो, पडद्यावरची माणसे पोट कशी भरतात हे मला दिसावे लागते. ते दिसले की त्यांचे प्रेम, भीती, सूड आणि भुतेखेतेसुद्धा मला पटतात. ते दिसले नाही तर कितीही देखणे छायाचित्रण असले तरी मन त्यात रमत नाही. मी लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, एका आडत दुकानात हिशेब लिहितो, त्यामुळे ही कसोटी धंद्याच्या सवयीतून आली असणार, हे मला मान्य आहे. तरीही अनेक वर्षे ती निरनिराळ्या चित्रपटांना लावून पाहिल्यावर तिने मला फारसे फसवलेले नाही.

मारधाडीच्या चित्रपटांपासून सुरुवात करतो, कारण तिथे ही कसोटी सगळ्यांत गैरलागू वाटते. ‘शोले’ (१९७५) आपल्याकडे पाठ आहे. परंतु गब्बरची माणसे रामगढमध्ये येतात ती कशासाठी, हे बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. ती धान्यासाठी येतात, आणि त्यांच्यापुढे आणून ठेवलेले धान्य ज्वारीचे असते. बसंती टांगा चालवते, अंध इमामसाहेबांच्या अहमदला जबलपूरच्या बिडी कारखान्यात काम मिळण्याची आशा असते, आणि त्या कामासाठी निघालेला मुलगा परत येतो तो घोड्यावर लादलेला मृतदेह होऊन. त्या प्रसंगाचा घाव खोल लागतो तो त्या नोकरीमुळे. गावात वीज नाही आणि पाण्याची उंच टाकी मात्र आहे, ही लोकांनी काढलेली खोड अगदी रास्त आहे. पण ज्या चित्रपटाने ज्वारी आणि बिडी कारखाना ध्यानात ठेवला, त्याला एक टाकी माफ करायला माझी हरकत नाही.

‘शोले’ ज्या परंपरेतून आला तिच्या मुळाशी असलेला अकिरा कुरोसावा यांचा ‘सेव्हन सामुराई’ (१९५४) तर धान्याच्या हिशेबावरच उभा आहे. दरोडेखोर गावावर येतात आणि ठरवतात की आत्ता लुटण्यात अर्थ नाही, सातूचे पीक हाताशी आल्यावर येऊ. शेतकऱ्यांकडे सामुराईंना देण्यासाठी पैसा नाही. ते फक्त भात खाऊ घालू शकतात आणि तो त्यांना खाऊ घालण्यासाठी स्वतः हलक्या भरड धान्यावर दिवस काढतात. हे कळते त्या क्षणी म्होरक्या सामुराई काम स्वीकारतो. भाताने भरलेले ते वाडगे मला चित्रपटातल्या पावसातल्या अखेरच्या लढाईइतकेच मोठे वाटते. शेवटी शेतकरी गाणे म्हणत भाताची लावणी करू लागतात आणि जिवंत उरलेले तिघे सामुराई बाजूला उभे राहतात, तेव्हा जिंकले कोण याबद्दल शंका उरत नाही.

प्रेमकथेत मी ‘सैराट’चे नाव घेतो, मात्र ज्या भागासाठी बहुतेक लोक ते घेतात त्यासाठी नव्हे. तो २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. त्याच महिन्याच्या १२ तारखेला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी आमच्या लातुरात आली होती, आणि नळाला पाणी नसलेल्या शहरात जिकडेतिकडे त्या चित्रपटाची गाणी वाजत होती. गाणी सुंदरच आहेत. मात्र माझ्या मते नागराज मंजुळे यांची खरी ताकद उत्तरार्धात आहे. परशाचे वडील मासेमारी करणारे आणि आर्चीचे वडील जमीनदार, राजकारणी, एवढे पूर्वार्धात दाखवून झाल्यावर दोघे हैदराबादला पोहोचतात, आणि तिथे ट्रॅक्टर व बुलेट चालवणारी मुलगी बाटल्यांच्या कारखान्यात कामाला लागते, तर परशा डोशाच्या गाड्यावर राबू लागतो. तिला न येणारी भाषा, पत्र्याची खोली, संशय, भांडण आणि पुन्हा सावरणे, हे सगळे अत्यंत सबुरीने दाखवले आहे. आमच्या भागातली माणसे कामासाठी हैदराबादला पिढ्यान्‌पिढ्या जात आली आहेत, कारण १९५६ पर्यंत आम्ही हैदराबाद राज्यात होतो आणि राजधानीच ती होती. म्हणून तो भाग इथल्या प्रेक्षकाला परका वाटत नाही. ज्यांना उत्तरार्ध संथ वाटतो, त्यांनी तो पुन्हा एकदा पाहावा असे मी आग्रहाने सांगेन. शेवट इतका सोसवत नाही, याचे कारण तोपर्यंत त्या दोघांचा संसार आपल्यासमोर एकेक भांडे जोडत उभा राहिलेला असतो.

भयपटांत माझे मत राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ला (२०१८) आहे आणि त्याच्या जवळपासही दुसरा भारतीय भयपट मला दिसत नाही. त्यातली दंतकथाच हिशेबाची आहे. समृद्धीच्या देवीकडे सोने आणि धान्य दोन्ही असते. तिच्या पहिल्या लाडक्या मुलाला, हस्तरला, दोन्हींवर हक्क हवा असतो. सोने त्याच्या हाती लागते आणि धान्य मिळण्याआधीच त्याला अडवले जाते. म्हणून तो कायमचा उपाशी राहतो आणि पिठाच्या बाहुलीवर झडप घालतो. ज्याच्यापाशी सोने आहे पण दाणा नाही असा राक्षस कल्पिणाऱ्याला भूक म्हणजे काय ते नीट उमगलेले आहे. शिवाय चित्रपटाचा नायक विनायक हस्तरकडच्या सोन्याच्या मोहरा पुण्यात नेऊन मोडतो, एका वेळी मोजक्याच आणतो आणि पुढे मुलालाही त्याच धंद्यात तयार करतो. वारसाहक्काने चालत आलेल्या धंद्याचे इतके भेदक चित्र मला सामाजिक म्हणवणाऱ्या चित्रपटांतही क्वचितच आढळले. अंधारात अचानक मोठा आवाज करून दचकवणारे भयपट मी पाहतो, पण घरी येईपर्यंत विसरतो.

विनोदी चित्रपटांबाबत फार लिहिण्याची गरज नाही. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) हा हृषिकेश मुखर्जी यांच्या ‘बीवी और मकान’वरून (१९६६) घेतलेला असूनही मूळ चित्रपटापेक्षा आपल्याकडे अधिक रुजला. परक्या शहरात नोकरी करणाऱ्या चार तरुणांना भाड्याने खोली मिळत नाही, या साध्या अडचणीतूनच सगळी सोंगे निघतात. विनोद अडचणीतून निघाला की टिकतो. नुसत्या शाब्दिक कोट्यांचे विनोदी चित्रपट मला एकदाच्या वर पाहवत नाहीत. उपहासाच्या अंगाने जाणाऱ्यांमध्ये उमेश कुलकर्णी यांचा ‘देऊळ’ (२०११) पाहावा. गाय राखणाऱ्या भोळ्या केश्याला दत्त दिसतो आणि त्या दर्शनाभोवती दुकाने, वर्गणी, पुढारी आणि प्रसाद यांचे अख्खे अर्थकारण उभे राहते. त्यात कोणी एक खलपुरुष नाही, सगळ्यांचाच थोडाथोडा फायदा आहे, हे त्या चित्रपटाचे शहाणपण आहे.

शेतकऱ्यांवरच्या चित्रपटांबद्दल मात्र मला सविस्तर लिहावेसे वाटते, कारण या प्रकारात मी सर्वांत कठोर प्रेक्षक आहे. यातल्या पुष्कळ चित्रपटांत भेगाळलेली जमीन, आकाशाकडे पाहणारा म्हातारा, दोर आणि मिशीवर ताव देणारा सावकार एवढ्यावरच भागवले जाते. प्रत्यक्षात बियाणे आणि खतासाठी घेतलेली उचल, बँकेचे थकलेले कर्ज, मुलीचे लग्न, दवाखान्याचा खर्च आणि काढणीच्या ऐन वेळी पडलेला सोयाबीनचा भाव अशा अनेक धाग्यांचा तो गुंता असतो, आणि ज्याच्याकडून उचल घेतली त्याच्याच काट्यावर माल घालावा लागतो, हे त्या गुंत्यातले सर्वांत अवघड टोक आहे. मी त्या काट्याच्या दुकानाकडच्या बाजूला बसतो, म्हणून मला ते पडद्यावर पाहायचे असते आणि ते सहसा दिसत नाही. या दृष्टीने सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) वेगळा आहे. त्याची पार्श्वभूमी विदर्भाची असली तरी पेरणी आणि पाऊस यांची चुकामूक आमच्याकडेही तशीच होते. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिल्यावर किसनाची बायको धास्तावते, नवऱ्यावर मुलाची पाळत ठेवते आणि तो खुश राहावा म्हणून पुरणपोळी रांधते. त्यावर हसू येते आणि हसताना लाज वाटते. किसनाला मात्र मरायचे नसून पेरायचे असते, आणि पेरणीच्या पैशांसाठी त्याची चाललेली धावपळ हेच चित्रपटाचे कथानक आहे. दुःख दाखवण्याऐवजी धावपळ दाखवण्याचा हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो.

तमाशापटांमध्ये ‘पिंजरा’ (१९७२) गाण्यांसाठी आणि डॉ. श्रीराम लागू यांच्यासाठी जरूर पाहावा. तरी माझी पसंती रवी जाधव यांच्या ‘नटरंग’ला (२०१०) आहे. गुणा हा शेतमजूर फड उभा करतो तो केवळ कलेच्या वेडाने नाही. मालकाच्या विहिरीवर पंप बसतो आणि मोटेवरच्या मजुरांचे काम जाते, तेव्हा त्या वेडाला वाट मिळते. पंपामुळे एक नाच्या घडतो हा कार्यकारणभाव मला विलक्षण वाटतो. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत ज्यांनी तमाशाचे तंबू पाहिले आहेत, त्यांना ठाऊक असते की, फडाचा मालक बोर्डावरच्या नाचाइतकाच तिकिटांच्या गल्ल्याकडेही डोळा ठेवून असतो.

संतपटांत ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ (१९३६) हा आजही अजिंक्य आहे आणि १९३७ साली व्हेनिसला त्याचा जो गौरव झाला तो यथार्थच होता. तुकारामांची भूमिका करणाऱ्या विष्णुपंत पागनीस यांच्याबद्दल सगळेच लिहितात. मला मात्र तो चित्रपट गौरी यांनी उभ्या केलेल्या आवलीचा वाटतो. घरात दाणा नाही, म्हैस सांभाळायची आहे, पोरे उपाशी आहेत आणि नवरा अभंग रचतो आहे, या स्थितीत विठ्ठलावर चिडणारी ती बाई नसती, तर तुकारामांची विरक्ती इतकी खरी वाटली नसती. आमच्या पैठणच्या एकनाथांवर व्ही. शांताराम यांनी ‘धर्मात्मा’ (१९३५) केला आणि त्यात खुद्द बालगंधर्व होते, तरी त्या चित्रपटाची माझ्यावरची पकड तेवढी घट्ट नाही. ऐतिहासिक चित्रपटांचे म्हणाल तर अलीकडे त्यांची रांगच लागली आहे. त्यांतल्या घोषणा आणि तलवारी मोजून झाल्यावर मला प्रश्न पडतो की, या फौजेचा दाणागोटा येतो कुठून.

रहस्यपटांत ‘दृश्यम’. जीतू जोसेफ यांचा मूळ मल्याळम चित्रपट (२०१३) पाहावा किंवा निशिकांत कामत यांनी केलेला हिंदी अवतार (२०१५), दोन्ही चालतील. नायक केबलचा व्यवसाय करतो आणि दिवसरात्र चित्रपट पाहतो. कुटुंब वाचवण्याची त्याची सगळी युक्ती त्या धंद्यातूनच येते, कुठल्या अलौकिक बुद्धीतून नव्हे.

विज्ञानकथांपासून आपल्याकडचे अनेक प्रेक्षक दूर राहतात, म्हणून ‘इंटरस्टेलर’बद्दल (२०१४) मुद्दाम सांगतो. त्यातले कृष्णविवर आणि काळाचे गणित बाजूला ठेवा. पहिला पाऊण तास हा दुष्काळाचा चित्रपट आहे: गहू रोगाने संपला आहे, भेंडीचे अखेरचे पीक हातचे जाते आहे, फक्त मका उरला आहे, आणि जेवणाच्या ताटल्या धूळ बसू नये म्हणून पालथ्या मांडल्या जातात. सुरुवातीला धुळीच्या वादळांबद्दल बोलणारी जी वृद्ध माणसे दिसतात, त्यांतल्या बहुतेकांच्या मुलाखती १९३०च्या दशकातील अमेरिकी धूळवादळांवरच्या माहितीपटातून घेतलेल्या, खऱ्या आहेत. पालथ्या ताटल्या पाहिल्यावर पुढे चित्रपटाचा नायक पोरांना सोडून अवकाशात का जातो, हे मला कोणी समजावून सांगण्याची गरज पडली नाही.

माझ्या कसोटीला न जुमानणारा एक चित्रपट मात्र मला मनापासून आवडतो, तो म्हणजे ‘दिल चाहता है’ (२००१). त्यातल्या तिघा मित्रांपैकी एकालाही पैशांची चिंता नाही, गोव्याचा खर्च कोणी दिला हे कळत नाही, आणि तरीही एका बेपर्वा थट्टेने तुटलेली मैत्री व त्यानंतरचा दीर्घ अबोला इतका अचूक आहे की मी हिशेब मागत नाही. याचे समर्थन मला देता येत नाही आणि द्यावेसेही वाटत नाही.

आता कुठून सुरुवात करावी याविषयी. घरच्यांबरोबर पाहायचे असतील तर ‘बनवाबनवी’ आणि ‘संत तुकाराम’ निर्धास्तपणे लावावेत. ‘तुंबाड’ आणि ‘सैराट’ लहान मुले झोपल्यावर पाहावेत. परदेशी चित्रपटांची सवय नसेल, तर छत्रपती संभाजीनगरला भरणाऱ्या अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात एकदा जाऊन यावे. उपशीर्षके वाचत पाहण्याचा कंटाळा भरलेल्या सभागृहात लवकर जातो. आणि ‘सेव्हन सामुराई’च्या साडेतीन तासांना बिचकू नये. त्याला मुळातच मध्यंतर दिलेले आहे. तिथे थांबून उरलेला भाग दुसऱ्या रात्री पाहिला तरी काही बिघडत नाही.