वाचकांचे प्रश्न : जुन्या गाडीला ऑइल टेंपरेचर मीटर

प्रश्न : माझी गाडी जुनी, एअर-कूल्ड, १२ व्होल्टची आहे. एप्रिल-मेमध्ये परभणी-नांदेड फेऱ्या होतात. ऑइलचं तापमान दाखवणारा मीटर लावला. पण काटा जागचा हलत नाही. सेन्सर ड्रेन बोल्टच्या (इंजिनखालचा, ऑइल काढायचा बोल्ट) जागी आहे.

उत्तर : सेन्सरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळली आहे का, ते आधी बघा. एका वायरच्या सेन्सरला अर्थिंग इंजिनच्या बॉडीतूनच मिळतं आणि टेप ते तोडते. टेप काढा, नवा तांब्याचा वायसर घाला, बेताने आवळा. ॲल्युमिनियमचे आटे एकदा गेले की काम वाढतं.

मीटरचा करंट हेडलाइटच्या वायरवरून घेऊ नका. बऱ्याच जुन्या गाड्यांत तिथे एसी करंट (दिशा बदलत राहणारा) असतो, मीटरला बॅटरीचा डीसी लागतो. ब्रेक लाइट स्विचला येणाऱ्या, चावी फिरवल्यावरच चालू होणाऱ्या वायरवरून घ्या, मध्ये १ अँपियरचा फ्यूज टाका.

तरीही शंका वाटली तर सेन्सर काढून त्याचं फक्त टोक उकळत्या पाण्यात धरा, सेन्सरच्या बॉडीला अर्थिंगची वायर जोडून. आपल्याकडे समुद्रसपाटीपासूनच्या उंचीमुळे पाणी शंभराच्या जरा आधीच उकळतं, म्हणून काटा ९८-९९ अंशांवर यायला हवा. फार चुकला तर सेन्सर आणि मीटर एका जोडीचे नाहीत, दोन्ही बदला.

ड्रेन बोल्टखाली लोंबणारा सेन्सर गतिरोधकावर घासतो, तेवढं जपा.