टेस्टर दोघे, डेव्हलपर तीस: सुरुवात कुठून करायची?

फाउंडर म्हणाले म्हणून लगेच ऑटोमेशनचं, म्हणजे टेस्ट आपोआप चालवायचं, टूल निवडायला बसू नका. ते काम आहेच, पण त्याचा नंबर बराच नंतर लागतो.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वर्षभरात डेव्हलपर पाचाचे तीस झाले, टेस्टर मात्र तुम्ही दोघेच. दर गुरुवारी रिलीज, शुक्रवारी ग्राहकांच्या तक्रारी, आणि ‘हे टेस्टिंगमधून सुटलं कसं?’ हा सवाल तुम्हाला. मी अशाच वाढत्या कंपन्यांमध्ये टेस्टिंग करत आले आहे, त्यामुळे शुक्रवारचा तो चॅट ग्रुप कसा दिसत असेल ते मला न पाहता कळतंय.

पाच जण होते तेव्हा टेस्टिंग आजच्याहून कमीच असणार, तरी बोंबाबोंब नव्हती. कारण सगळी सिस्टिम प्रत्येकाच्या डोक्यात होती. डिस्काउंटच्या कोडला हात लावला की रिफंडचा हिशेब बदलतो, हे कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती. तीस जण झाले की हे ज्ञान वाटलं जातं आणि वाटताना सांडतं. नवा डेव्हलपर ऑर्डरचं एक स्टेटस वाढवतो. त्याचा स्क्रीन नीट चालतो, त्याच्या टीमचे टेस्टही पास होतात, पण रिपोर्टवाल्या टीमचा कोड ते नवं स्टेटस ओळखत नाही आणि विक्रीचा आकडा चुकतो. बग अशा सांध्यांमध्ये साचतात. सगळं प्रॉडक्ट सलग वापरणारे लोक कंपनीत फार थोडे उरतात, आणि त्यांत तुम्ही दोघे आहात. हीच तुमची खरी किंमत. ती रिग्रेशनच्या, म्हणजे जुनं सगळं अजून चालतंय का ते दर वेळी पुन्हा तपासण्याच्या, टिकमार्कांत खर्ची पडतेय.

पहिलं काम: गेल्या तीन महिन्यांतल्या प्रॉडक्शनच्या, म्हणजे ग्राहक वापरतात त्या सिस्टिमच्या, तक्रारी स्वतः वाचा. सपोर्टने केलेला सारांश चालणार नाही, मूळ तिकिटं वाचा. प्रत्येकीपुढे कारण लिहा: मागणीच नीट कळली नव्हती, स्टेजिंगवर (रिलीजआधी तपासायच्या सिस्टिमवर) तसा डेटाच नव्हता, सेटिंग वेगळी होती, दोन टीमचं जुळलं नाही, की खरंच तपासायचं राहिलं. माझा अनुभव असा, की शेवटच्या रकान्यात वाटतात त्यापेक्षा बऱ्याच कमी नोंदी पडतात. हा तक्ता समोर ठेवून फाउंडरशी बोललात, की ‘टेस्टर काय करत होते?’ हा सूर आपोआप खाली येतो.

त्याच बैठकीत त्यांच्याकडून एक यादी करून घ्या: काहीही झालं तरी मोडता कामा नये अशा गोष्टी. पैसे, लॉगिन, एकाचा डेटा दुसऱ्याला दिसणं, डेटा कायमचा जाणं. ते म्हणतील, सगळंच महत्त्वाचं आहे. तिथे अडून बसा आणि यादी दहाच्या आत आणा. उरलेल्या गोष्टींत बग राहिले तर चालतील, हे त्यांनी तोंडाने कबूल करायला हवं. टेस्टर मंडळींना हे रुचत नाही, पण दोन आठवड्यांत फेकून द्यायच्या प्रयोगावर किंवा ऑफिसातले चार लोक वापरतात त्या अ‍ॅडमिन पानावर जीव काढण्यात अर्थ नाही.

मग रिलीज लहान करायला लावा. तीस जणांचं आठवडाभराचं काम एकदम बाहेर गेलं तर कशाने काय मोडलं ते शोधण्यातच शुक्रवार जातो. जे तयार झालं ते त्याच दिवशी, फीचर फ्लॅगमागे (फ्लॅग म्हणजे फीचर चालू-बंद करायचा स्विच), आधी थोड्या लोकांना. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीने एक सदोष फाइल सगळ्या ग्राहकांना एकाच वेळी पाठवली आणि सुमारे ८५ लाख विंडोज मशीन कोसळली. ती फाइल दीड तासाच्या आत मागे घेतली होती, तरी बंद पडलेली कितीतरी मशीन माणसांना हाताने सुरू करावी लागली. आधी मूठभर मशीनवर गेली असती तर ती बातमी झाली नसती.

तुमचं मोबाइल अ‍ॅप असेल तर हे दुप्पट लागू. वेबवर रोलबॅक, म्हणजे आधीच्या व्हर्जनवर परत जाणं, मिनिटांत होतो, पण फोनवर उतरलेलं व्हर्जन परत खेचता येत नाही. अ‍ॅपलच्या अ‍ॅप स्टोअरवर टप्प्याटप्प्याने रिलीज करायची सोय आहे: सात दिवसांत आपोआप अपडेट घेणाऱ्यांपैकी १, २, ५, १०, २०, ५० आणि मग १०० टक्के लोकांपर्यंत, आणि मधे थांबवताही येतं. हा पर्याय फक्त निवडावा लागतो, तरी कितीतरी टीम तो वापरत नाहीत.

फ्लॅगबद्दल एक सावधगिरी: काम संपलं की फ्लॅग आणि त्याच्यामागचा जुना कोड दोन्ही काढून टाकायला लावा. नाइट कॅपिटल या ट्रेडिंग कंपनीने जुना फ्लॅग नव्या कामासाठी वापरला. आठ सर्व्हरपैकी एकावर नवा कोड चढलाच नव्हता, त्यामुळे तिथे वर्षानुवर्षं पडून असलेला कोड जागा झाला. १ ऑगस्ट २०१२ ला, सुमारे ४५ मिनिटांत, जवळपास ४४ कोटी डॉलर गेले. तुमच्या टेस्ट केसच्या शीटमध्ये ‘आठही सर्व्हरवर एकच बिल्ड आहे का?’ अशी ओळ आहे का?

आता ज्यात मला सगळ्यात जास्त फायदा दिसला ते. कोड लिहायच्या आधी कामाचं तिकीट (काय बनवायचं त्याची नोंद) वाचा आणि त्याच तिकिटाखाली प्रश्न टाका. समजा लिहिलंय, ‘ग्राहकाला कूपन लावता आलं पाहिजे.’ विचारा: ऑर्डर रद्द झाली तर कूपन परत मिळणार का? अर्धी ऑर्डर परत केली तर रिफंड किती? दोन टॅब उघडून तेच कूपन दोनदा लावलं तर? पेमेंट अडकलेलं असताना कूपनची मुदत संपली तर? यातल्या निम्म्या प्रश्नांवर उत्तर येतं, ‘हे ठरलंच नाहीये.’ न ठरलेली गोष्ट डेव्हलपर आपल्या मनाने ठरवतो, तुम्ही तुमच्या मनाने तपासता आणि ग्राहक तिसरंच काहीतरी धरून चालतो. इथे घातलेला अर्धा तास पुढचे दोन हॉटफिक्स (रिलीजनंतरच्या तातडीच्या दुरुस्त्या) वाचवतो.

पेमेंट तुमच्या यादीत असेलच, म्हणून थोडं अधिक. हॅपी पाथ, म्हणजे सगळं सुरळीत चाललं तर काय होतं, तो डेव्हलपरही तपासतो. तुम्ही बटण दोनदा दाबा. पैसे भरून झाले की परतीचं पान उघडायच्या आत अ‍ॅप बंद करा. नेटवर्क मंद करा. पेमेंट गेटवेचा निरोप उशिरा आला, दोनदा आला किंवा उलट्या क्रमाने आला तर काय होतं ते पाहा. तोच निरोप दोनदा आला तर दोन ऑर्डर तयार होता कामा नयेत. ‘पैसे कापले, ऑर्डर नाही’ ही तक्रार यांतल्याच एखाद्या फटीतून येते, आणि स्टेजिंगवर नेट झकास असल्यामुळे तिथे कधी दिसत नाही.

एवढं झालं की ऑटोमेशन, तेही त्या यादीपुरतं आणि शक्यतो एपीआयच्या पातळीवर, म्हणजे स्क्रीन टाळून थेट सर्व्हरशी बोलून. युनिट टेस्ट (कोडचा एकेक छोटा भाग तपासणारे) डेव्हलपरने लिहायचे, कोडबरोबर त्याच पुल रिक्वेस्टमध्ये, म्हणजे बदल मुख्य कोडमध्ये घेण्याच्या विनंतीत. त्यांचे टेस्ट तुम्ही लिहून देऊ नका, एकदा दिलेत की ते कायमचे तुमच्याच गळ्यात. स्क्रीनवर क्लिक करत जाणारे टेस्ट मोजकेच ठेवा. डेमोमध्ये ते फार छान दिसतात, म्हणून फाउंडरना तेच हवे असतात, पण डिझाइन बदललं की तेच आधी मोडतात.

त्याहून वाईट म्हणजे फ्लेकी टेस्ट, आज पास, उद्या फेल, कोड तोच. गूगलने २०१६ मध्ये स्वतःच लिहिलं होतं, की त्यांच्या जवळपास १६ टक्के टेस्टमध्ये थोडाफार फ्लेकीपणा आहे. तेव्हा तुमच्याकडेही तो येणार, लाजायचं कारण नाही. मात्र तो सहन करू नका. टेस्ट लाल झाली की लोक ‘परत चालवून बघ’ म्हणू लागले, तर खरा बग आला तरी तेच म्हणणार. असा टेस्ट त्याच दिवशी पाइपलाइनमधून, म्हणजे रिलीजआधी आपोआप चालणाऱ्या तपासण्यांमधून, बाहेर काढा. आठवड्यात दुरुस्त झाला नाही तर डिलीट करा.

साइन-ऑफबद्दल, म्हणजे रिलीजला टेस्टरने होकार देण्याबद्दल, तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. ‘टेस्टिंगने ओके दिलं’ हे वाक्य स्वीकारू नका. त्याऐवजी लेखी कळवा: हे तपासलं, हे वेळेअभावी नाही तपासलं, इथे मला भीती वाटते. रिलीज करायचं की नाही ते प्रॉडक्टवाल्यांनी ठरवावं. तुम्ही फाटकावर उभे राहिलात की उशीर झाला तरी दोष तुमचा आणि बग गेला तरी तुमचाच.

फाउंडरना आकडा हवाच असेल तर टेस्ट केसची संख्या किंवा कव्हरेजची (टेस्टनी कोडचा किती भाग चालवला त्याची) टक्केवारी देऊ नका, दोन्ही फुगवता येतात. किती रिलीजनंतर हॉटफिक्स किंवा रोलबॅक करावा लागला आणि ग्राहकाचा त्रास थांबायला किती वेळ लागला, हे दोन आकडे दर महिन्याला द्या. ‘वेगाने पळा, मोडलं तर मोडू द्या’ हे फेसबुकचं ब्रीद ते ऐकवतील, तेव्हा सांगा की खुद्द फेसबुकने २०१४ मध्ये ते बदललं आणि वेगाबरोबर भक्कम पायाभूत यंत्रणेची भर घातली.

तिसरा टेस्टर मागायचा का? मागा, पण रिलीज लहान झाल्यावर. आधी मागितलात तर तोही गुरुवारी रात्री तुमच्याशेजारी बसून तीच शीट भरेल. मुलाखतीत सेलेनियमचे (ब्राउझर ऑटोमेशनच्या टूलचे) प्रश्न दहा मिनिटांत उरका आणि तुमचंच एखादं खरं, अर्धवट लिहिलेलं तिकीट त्याच्या हातात द्या. जो लगेच टेस्ट केस लिहायला घेतो त्याच्यापेक्षा जो आधी चार प्रश्न विचारतो त्याला घ्या.