मीडियम फॉरमॅटवर (म्हणजे नेहमीच्या पस्तीस मिलिमीटरपेक्षा मोठ्या फिल्मवर) काढलेले लँडस्केप ग्रुपमध्ये टाकले की सगळे फक्त "अप्रतिम" म्हणतात. खरं मत कसं मिळवायचं?

प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. "अप्रतिम"ने कुणाचं काही बिघडत नाही हो, दोन मिनिटं बरं वाटतं आणि संपतं. बिघडतं ते एखाद्या जाणत्या माणसाने ठासून सांगितलेल्या चुकीच्या मताने, आणि ते मी भोगलंय, म्हणून आधी तेच सांगतो.

आम्ही इंदूरचे. दहा-बारा वर्षं झाली असतील, ऑगस्टमध्ये मी आणि बाबा पहाटे तीनला मांडूला निघालो, शंभरेक किलोमीटर, सगळा रस्ता पाऊस. जवळ याशिका मॅट १२४जी हा चौकोनी फ्रेमचा फिल्म कॅमेरा आणि एचपी फाइव्ह या कृष्णधवल फिल्मचा एकच रोल, म्हणजे बारा फ्रेम, तेरावी नाही. दरीच्या कडेला गोरखचिंचेचं एक झाड आहे, तिकडे त्याला खोरासानी इमली म्हणतात, तेच बाओबाब. खालून धुकं चढत होतं, खोड स्पष्ट, फांद्या अर्ध्यामुर्ध्या आणि वर नुसतं पांढरं. धुकं असलं की प्रकाश मोजणाऱ्या मीटरचं ऐकून चालत नाही, तो त्या पांढऱ्याला करडं करून टाकतो, म्हणून एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट प्रकाश दिला. बाबा कॅमेऱ्यावर छत्री धरून उभे होते, स्वतः भिजत. सहा फ्रेम झाल्यावर म्हणाले, "थांब जरा, अजून वर येऊ दे." पाच-सात मिनिटं थांबलो आणि सातवी घेतली.

सातवीच ती होती. घरी बाथरूममध्ये एनलार्जर (निगेटिव्हवरून कागदावर मोठी प्रिंट काढायचं यंत्र) लावून बारा इंची चौकोनी प्रिंट काढली. वरचा एक तृतीयांश भाग जवळजवळ रिकामा, पण कागदाच्या पांढऱ्यापेक्षा किंचित दबलेला, तेवढा टोन आणायला मला तीन संध्याकाळी लागल्या. कारण कागद वाळला की प्रिंट थोडी गडद होते, ओली असताना बरोबर वाटते आणि सकाळी बघावं तर धुक्याचा चिखल झालेला.

तेव्हा आम्ही सात-आठ जण महिन्यातल्या एका रविवारी रामबागेत एकाच्या घरी जमायचो, पोहे-जिलबी व्हायची आणि मग प्रिंट टेबलावर. आमच्यात एक ज्येष्ठ काका होते, सगळे त्यांना मानायचे, मीही. त्यांनी पिशवीतून काळ्या पुठ्ठ्याचे एल आकाराचे दोन तुकडे काढले, चित्र कुठे कापायचं ते बघायला, माझ्या प्रिंटवर ठेवले, सरकवले आणि म्हणाले, "चौकोनात लँडस्केप होत नाही रे. हे वरचं सगळं फुकट गेलंय, काप." सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसरा एकजण म्हणाला, झाड निष्पर्ण असतं तर जास्त उठून दिसलं असतं. अहो, पण मांडूला ते धुकं पावसाळ्यात चढतं आणि पावसाळ्यात ते झाड पानांनी भरलेलं असतं, मार्चमध्ये निष्पर्ण असतं तेव्हा डोक्यावर स्वच्छ ऊन! जागा माहीत नसताना दिलेलं मत हे असं असतं.

कोपऱ्यात एक मुलगी बसलेली, इंजिनिअरिंगला होती, पहिल्यांदाच आलेली. ती हळूच म्हणाली, "माझा डोळा सारखा खाली डावीकडे जातोय, तिथे काय आहे?" कुणी ऐकलंच नाही, चहा आला होता.

मी घरी आलो आणि कटर घेऊन वरचे साडेतीन इंच कापले. तशीच प्रिंट शहरातल्या एका प्रदर्शनात लागली. बाबा बघायला आले, बराच वेळ उभे राहिले आणि मला एवढंच विचारलं, "अरे, धुकं कुठं गेलं?" ती कापलेली पट्टी अजून माझ्याकडे आहे, निगेटिव्हच्या फाइलमध्ये. बाबा आता नाहीत.

नंतर निगेटिव्ह लाइटबॉक्सवर, म्हणजे खालून उजेड देणाऱ्या पेटीवर ठेवून लूपने (भिंगाने) बघितलं तर खाली डाव्या कोपऱ्यात चुना लावलेला मैलाचा दगड, धुक्याइतकाच पांढरा. ती पोरगी बरोबर होती. नवीन प्रिंट काढताना तेवढाच कोपरा वीस सेकंद जास्त जाळला, म्हणजे जास्त उजेड देऊन गडद केला, चित्र जागेवर आलं. न कापता.

काका असं का म्हणाले तेही मला नंतर कळलं. त्यांची पिढी लग्नाचे फोटो चौकोनी निगेटिव्हवर काढायची आणि दहा बाय बाराच्या कागदावर कापून द्यायची, कॅमेरा आडवा-उभा करायला नको म्हणून चौकोन. तिथे कापणं हा धंद्याचा भागच होता. पण मायकेल केन्ना हा इंग्लिश फोटोग्राफर इतकी वर्षं हॅसलब्लाड कॅमेऱ्यावर चौकोनी लँडस्केप करतोय, त्याच्या किती चित्रांत अर्ध्याहून जास्त जागा रिकामी असते, ती कापून बघा काय उरतं ते. रिकामं म्हणजे फुकट गेलेलं, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. तेव्हा बोललो नाही, एवढंच.

आता तुमचं. फोनवर दाखवून मत मागूच नका. सहा बाय सहा सेंटिमीटर म्हणतात ती निगेटिव्ह खरं तर एका बाजूला ५६ मिलिमीटरची असते, पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या फ्रेमपेक्षा क्षेत्रफळाने साडेतीन पटीहून मोठी, ती २४०० डीपीआयने स्कॅन केली तर एका बाजूला पाच हजारांवर पिक्सेल येतात आणि फोनवर दिसतात हजार-अकराशे. ज्यासाठी एवढं वजन वाहिलं तेच समोरच्याला दिसत नाही, मग तो "अप्रतिम" म्हणणार नाहीतर काय म्हणणार? प्रिंट द्या हातात. सोबत काँटॅक्ट शीट, म्हणजे सगळ्या फ्रेमच्या निगेटिव्हएवढ्या छोट्या प्रिंटचा एकच कागद ठेवा, बाराच्या बारा, म्हणजे तुम्ही कशाच्या मागे होतात ते कळतं. आणि "कसा वाटला" असं विचारू नका, "डोळा आधी कुठे गेला आणि कुठे अडकला" असं विचारा. मग गप्प बसा, बाबा भिजले वगैरे सांगत बसू नका. मत देणाऱ्यानेही आधी विचारावं, ही जागा कुठली, कुठल्या महिन्यातली, तू थांबलास कशासाठी. "मी असतो तर" ने सुरू होणारं वाक्य मी तरी हल्ली ऐकून घेत नाही.

पुठ्ठ्याचे एल वाईट नाहीत हं, मीही वापरतो, पण काँटॅक्ट शीटवर आणि स्वतःच्याच. लँडस्केपचे मोठे अमेरिकी फोटोग्राफर अॅन्सेल अॅडम्सही कापायचे, त्यामुळे कापणं म्हणजे पाप असं मी म्हणत नाहीये. तुम्ही सहा बाय सातवाले (आयताकृती फ्रेमवाले) असाल तर चौकोनाचा हा वाद तुम्हाला लागूच नाही. स्लाइडवर काढत असाल तर प्रिंटही नको, लाइटबॉक्स आणि लूप घेऊन जा, वेल्व्हियासारखी स्लाइड फिल्म तशीच बघावी. काकांशी माझं आजही बोलणं आहे, फोकस बघावा तर त्यांनीच, समोरचं गवत किंचित मऊ आहे हे त्यांनी त्याच दिवशी हातभर अंतरावरून सांगितलं होतं आणि ते खरं होतं, दूरवर फोकस धरला की ८० एमएमच्या लेन्सला एफ १६ वरही अगदी जवळचं धारदार येत नाही, आणि मी फोकससाठी झाड धरून बसलो होतो.

पूर्ण चौकोनी प्रिंट आता बैठकीत आहे, बाबांच्या खुर्चीसमोर. त्यांनी शेवटची दोन वर्षं ती बघितली.